सासऱ्यांची मूठ आणि उजवीकडे जाणारं विमान

मला फक्त एक खेळ खेळायचा होता. घराचं दार काढायचं नव्हतं, बाथरूमची वाट अडवायची नव्हती, आणि इमारतीतल्या अकरा ज्येष्ठांची रोज सकाळी माझ्या घरात हजेरी लागावी अशी तर माझी मुळीच इच्छा नव्हती. हे आधीच सांगून ठेवतो, कारण सध्या इमारतीत या प्रकरणाची जी हकीकत फिरते आहे तिच्यात मी हे सगळं हौसेने केलं असं सांगतात.

खेळ अगदी साधा. पडद्यावर एक छोटं विमान डावीकडून उजवीकडे जात असतं. समोरून शत्रू येतात. आपण विमान वर-खाली करायचं, बटण दाबून गोळ्या झाडायच्या आणि चमकणारं काही दिसलं की ते घ्यायचं. शाळेत असताना असले खेळ मी दुकानात उभा राहून खेळत असे. आता तसेच खेळ पुन्हा निघाले आहेत. नवेच, पण मुद्दाम जुने दिसणारे. नवी कोरी पँट गुडघ्यावर फाडून विकतात ना, तसं. चित्रं चौकोनी ठिपक्यांची, आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा.

पण त्यात एक सुख आहे, आणि ते माझ्यासारख्या माणसालाच कळेल. मी पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात तक्रार विभागात आहे. तिथे माणसं माझ्यावर खिडकीतून येतात, फोनवरून येतात, आणि साहेब तर मागून येतात. खेळात शत्रू फक्त उजवीकडून येतो. त्याच्याशी नम्रपणे बोलावं लागत नाही. त्याचा अर्ज तीन प्रतींत नसतो. अशा जगात रोज अर्धा तास राहायला मिळावं, एवढीच माझी मागणी होती.

अडचण अशी की संगणकाच्या बटणांवर माझं विमान पहिल्याच वळणावर आपटत होतं. दोष माझा नाही, बटणांचा, असं माझं ठाम मत झालं. असल्या खेळाला दुकानातल्यासारखा दांडा हवा, समोर उभं राहायला पेटी हवी. मी हे बायकोला दोनदा सुचवलं. पहिल्यांदा ती हसली. दुसऱ्यांदा हसलीही नाही.

तेवढ्यात सासरे जिन्यात पडले.

हे वाक्य मी आनंदाने लिहिलेलं नाही. सासरे, म्हणजे आमचे नाना, चौतीस वर्षं हेडमास्तर. उजवं मनगट मोडलं, खांदा दुखावला. प्लास्टर निघाल्यावर आमच्याकडे राहायला आले तेव्हा त्यांची मूठ मिटत नव्हती आणि हात खांद्याच्या वर जात नव्हता. ज्या हाताने आयुष्यभर फळ्यावर लिहिलं त्या हातात पेन्सिल ठरेना. फिजिओबाई येऊन बघून गेल्या. त्यांनी स्पष्टच सांगितलं, "सहा आठवडे आहेत. एवढ्यात बोटं आणि खांदा चालवलात तर चालवलात. नाहीतर हात हा असाच राहील." आणि दाबायला एक रबरी चेंडू दिला.

सासऱ्यांनी तो चेंडू डाव्या हाताने उचलून खिडकीत ठेवला. "मी काय पाळण्यातलं बाळ आहे?"

आठवडाभर तो खिडकीतच राहिला. बायको स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसायची. आणि तेव्हा माझ्या मनात पाप आलं, हे मी कबूल करतो. मी म्हटलं, "नानांना दांडा आणि बटणवाली पेटी करून दिली तर? बोटांना आपोआप व्यायाम होईल."

बायकोने माझ्याकडे दुधाच्या पिशवीवरची तारीख बघतात तसं बघितलं. "नानांसाठी?"

"नानांसाठीच."

"करा मग," ती म्हणाली. आता माघार नव्हती.

सासऱ्यांबद्दल आणखी एक गोष्ट सांगायला हवी. लग्नाला सव्वीस वर्षं झाली. या सव्वीस वर्षांत त्यांनी मला एकदाही शाबास म्हटलेलं नाही. नोकरीत कायम झालो तेव्हा "ठीक" म्हणाले. बढती मिळाली तेव्हाही "ठीक". घर घेतलं तेव्हा सगळ्या खोल्या बघून "हवा बरी येते" म्हणाले, आणि तेही बहुधा घर बांधणाऱ्याला उद्देशून. मला त्या शब्दाची काही पडलेली नाही. फक्त मोजून ठेवलं आहे.

असो. दांडा आणि बटणं मी आणली आणि पेटीचं चित्र आमच्या सुताराला दाखवलं. आमचा सुतार बावीस वर्षं फक्त स्वयंपाकघरं करतो. चित्राकडे त्याने जेमतेम नजर टाकली आणि म्हणाला, "होऊन जाईल." ज्या माणसाने घरात एकदा तरी सुतारकाम केलं आहे त्याला या दोन शब्दांचा अर्थ समजावून सांगायला नको.

दहा दिवसांनी पेटी आली. उंची बरोबर ओट्याएवढी. वरून पुसता येईल असा पांढरा पत्रा. खाली ड्रॉवर. ड्रॉवरमध्ये चमचे, काटे आणि पळ्या ठेवायचे वेगवेगळे कप्पे.

"हा ड्रॉवर कशाला?" मी विचारलं.

"सगळे मागतात," सुतार म्हणाला.

"पण यात चमचे ठेवायचे नाहीयेत!"

"आज नाही ठेवणार. उद्या लागेल."

त्यानंतर असं लक्षात आलं की पेटी दारातून आत येत नाही. "दार छोटं आहे," सुतार म्हणाला, जणू दार मीच घरी बसून केलं होतं. मग चौकटीसकट दार काढलं. पेटी आत आली आणि बोळातच अडकली. बैठकीच्या खोलीत जाण्याइतकी वळेना, म्हणून तिथेच राहिली. बाथरूमचं दार त्या दिवसापासून निम्मंच उघडतं. बाथरूमला जाणाऱ्याने पोट आत घेऊन, पाठ भिंतीला लावून, डावीकडून उजवीकडे आडवं सरकायचं. माझ्या खेळातलं विमानसुद्धा याहून मोकळं फिरतं.

"दार?" मी सुताराला विचारलं.

"उद्या बसवतो," तो म्हणाला आणि नऊ दिवसांनी आला.

घराला नऊ दिवस दार नसलं की काय होतं, हे दार असलेल्यांना कळणार नाही. लोक आत येतात. आधी समोरचे विमावाले आले. हे गृहस्थ विमा विकतात आणि सल्ला फुकट देतात, त्यामुळे त्यांच्याकडून विमा कोणी घेत नाही. मी खेळत होतो, ते खांद्यामागे उभे राहिले.

"गोळ्या झाडू नका," ते म्हणाले.

"का?"

"गोळी झाडली की त्यांना कळतं आपण आहोत. गुपचूप निघून जायचं."

मी त्यांच्याकडे वळून बघितलं आणि विमान आपटलं. "बघा, मी सांगत होतो," ते म्हणाले.

त्यांच्यामागून इमारतीचे सेक्रेटरी आले. हातात नियमावली. नियम सतरा : आवाज करणारं कोणतंही यंत्र घरात बसवण्यास समितीची पूर्वपरवानगी आवश्यक. आता अर्ज, परवानगी, पूर्वपरवानगी ही माझ्या रोजच्या पोटापाण्याची भाषा. मी मनात म्हटलं, बच्चमजी, चुकीच्या माणसाशी गाठ आहे. तीन प्रतींत अर्ज केला. सोबत फिजिओबाईंचं पत्र जोडलं : सदर पेटी हे हाताच्या व्यायामाचं साधन आहे. माझ्या एकतीस वर्षांच्या नोकरीत इतका निर्दोष अर्ज मी पाहिला नव्हता.

अर्ज इतका निर्दोष होता की तो मंजूर झाला. अट एकच. समितीने सहा वर्षांपूर्वी इमारतीतल्या ज्येष्ठांना व्यायामाची सोय देऊ असा ठराव केला होता आणि तो ठराव सहा वर्षं समितीच्या मानेवर बसला होता. तेव्हा नियम बावीसनुसार सदर साधन रोज सकाळी सात ते नऊ सर्व ज्येष्ठांसाठी खुलं राहील. सेक्रेटरींनी दारावर पाटी लावायची म्हटलं, पण दार नव्हतं. मग भिंतीवर लावली.

दुसऱ्या दिवसापासून लोक येऊ लागले. कुणाचा खांदा, कुणाचं कोपर, कुणाचा गुडघा. "गुडघ्याचा या खेळाशी काय संबंध?" मी विचारलं, तर गुडघेवाल्या आजी म्हणाल्या, "उभं राहून खेळायचंय ना? मग?" विमावाल्यांचं काहीच दुखत नव्हतं, त्यांनी मान लिहायला सांगितली. लिहायला, कारण आता नाव नोंदवलं जात होतं. सासऱ्यांनी रजिस्टर उघडलं होतं! अनुक्रमांक, नाव, तक्रार, शेरा. उजव्या हाताने लिहिता येत नव्हतं, म्हणून सांगायचे ते आणि लिहायचो मी. ऑफिसला जाण्यापूर्वी मी माझ्याच बोळात बसून तक्रारी नोंदवत होतो. म्हणजे दिवसभर जे करायचं तेच, फक्त लवकर.

"माझा नंबर कितवा?" मी एकदा धीर करून विचारलं.

"तुम्ही घरचे आहात जावईबापू," सासरे म्हणाले, "शेवटी बसा."

आणि ते स्वतः? पहिल्या दिवशी त्यांचं बोट बटणावर दबेना. विमान चार सेकंदांत गेलं. असं नऊ वेळा झालं. मला वाटलं आता हाही चेंडू खिडकीत जाणार. पण ते पडद्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "हा पेपर कोणी काढलाय?"

"म्हणजे?"

"अभ्यासक्रमाबाहेरचं विचारलंय. वही आणा."

आणि मग माझ्या सुखाची परवड सुरू झाली. सासऱ्यांनी खेळाचं वेळापत्रक करायला घेतलं. ते खेळायचे, मरायचे, आणि मी लिहायचो. पहिला टप्पा. पंधराव्या सेकंदाला वरून पाच चक्रं. मारण्याची गरज नाही, आपली आपण जातात. विसाव्या सेकंदाला खालून तोफ. वेलांटी चुकली तर पान पुन्हा लिहायला लावायचे. आठवड्याभरात ते दुसऱ्या टप्प्यावर गेले. मी माझ्या हाताच्या चपळाईवर विसंबून पहिल्यातच मरत होतो.

जसजसे आम्ही पुढे गेलो तसतसं या खेळाचं खरं रूप कळत गेलं. शत्रूच्या गोळ्या गुलाबी आणि मागचं आकाशही गुलाबी. शत्रूचा नुसता स्पर्श झाला तरी विमान खलास, आणि सोबत कमावलेली सगळी हत्यारंही जातात. म्हणजे ज्या जागी भरलेल्या हातांनी मेलो तिथे आता रिकाम्या हातांनी जायचं! तिसऱ्या टप्प्यात तर एक शत्रू चक्क मागून आला. मी दांडा सोडून उभाच राहिलो. ऑफिसात साहेब मागून येतात ते मी सहन करतो, मला पगार मिळतो. इथे मी सुखासाठी आलो होतो. आणि सगळ्यावर कडी म्हणजे तीन विमानं संपली की खेळ पहिल्यापासून. मधे कुठे खूण ठेवायची सोय नाही. सगळा खेळ जेमतेम वीस मिनिटांचा. पण आपल्याला मारून मारून दोन महिने पुरवतात.

"चौथीत नापास झालेल्याला कुणी पहिलीत बसवतं का?" सासरे लालेलाल झाले होते. "आणि ही बुद्धीची परीक्षाच नाही. घोकंपट्टी आहे, निव्वळ घोकंपट्टी!" त्यांनी खेळ बनवणाऱ्यांना साडेतीन पानी तक्रार सांगितली, मी लिहिली आणि संगणकावरून पाठवली. उत्तर त्याच मिनिटाला आलं. आपलं मत आमच्यासाठी मोलाचं आहे, आपली तक्रार नोंदवली गेली आहे.

"वा! तत्पर आहेत," सासरे म्हणाले.

हेच उत्तर मी रोज अठरा जणांना पाठवतो.

पण एवढ्या शिव्या घालूनही ते दांडा सोडत नव्हते. "उद्या ती तोफ बघतो," म्हणत झोपायचे. बोटं वळू लागली. चौथ्या आठवड्यात फिजिओबाईंनी मूठ मिटवून बघितली आणि म्हणाल्या, "छान! पण खांदा? हात वर करा बघू." हात छातीपर्यंत आला आणि थरथरून खाली गेला. "खांदा राहिला," बाई म्हणाल्या. सासरे त्या दिवशी खेळले नाहीत.

संध्याकाळी मी चमच्यांच्या त्या ड्रॉवरमध्ये पेन शोधत होतो. पळ्यांच्या कप्प्यात एक चुरगळलेला कागद सापडला. सासऱ्यांनी उजव्या हाताने स्वतःचं नाव लिहायचा प्रयत्न केला होता. सात वेळा. पहिलीतल्या मुलालाही लाज वाटेल असं अक्षर. मला फार वाईट वाटलं. कागद होता तसा चुरगळून परत ठेवला आणि त्या दिवसापासून वेलांट्यांवरून कुरकुर बंद केली.

सहावा आठवडा संपत आला. फिजिओबाई रविवारी शेवटचं तपासायला येणार होत्या. सासरे तोवर चौथा टप्पा पार करू लागले होते, पण पाचव्यात अंगठा फार भरभर चालवावा लागतो, तो त्यांचा चालेना. पाचव्या टप्प्याचं पान वहीत होतं, अर्धवट, पण होतं. रविवारी सकाळी ते म्हणाले, "जावईबापू, तुम्ही उभे राहा. मी वही वाचतो."

बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. ज्येष्ठ बोळात एकामागे एक भिंतीला पाठ लावून उभे राहिले. सेक्रेटरी आवाज किती होतो हे बघायला आले होते, ते बाथरूमच्या निम्म्या दारात अडकून उभे होते. विमावाल्यांनी "गोळ्या झाडू नका" एवढं सांगून घेतलं.

सासरे माझ्या डाव्या बाजूला, वही डाव्या हातात. "वर. थांबा. पाच चक्रं, जाऊ द्या. खाली. तोफ. आता!" मी त्यांच्या शब्दाबाहेर गेलो नाही. पहिला टप्पा गेला, दुसरा गेला. तिसऱ्यात "मागून!" असं ते वेळेवर ओरडले आणि मागून येणारा तो हरामखोर माझ्या गोळीने मेला, तेव्हा मला साहेबांची आठवण होऊन फार बरं वाटलं. चौथ्यात दोन विमानं गेली. पाचव्यात मी शेवटचं विमान घेऊन शिरलो. दरम्यान फिजिओबाई येऊन बोळाच्या तोंडाशी उभ्या होत्या, पण त्यांना आत यायला जागा नव्हती.

मग तो आला. अर्धा पडदा व्यापणारं शत्रूचं जहाज, मधोमध एक लाल डोळा. वहीतलं पान संपलं होतं. "आता?" मी विचारलं.

"आता पाठांतर नाही," सासरे म्हणाले. "आता स्वतःच्या डोक्याने."

मी वर गेलो, खाली आलो, दोन गुलाबी गोळ्यांमधल्या बोटभर फटीतून निघालो. मी माझ्या आयुष्यात इतका चपळ कधीच नव्हतो. डोळा लाल होता तो नारिंगी झाला, पिवळा झाला, लुकलुकायला लागला. आणखी तीन गोळ्या! दोन! एक!

आणि माझ्या पाठीवर धाडकन थाप बसली.

"अरे शाबास रे! शाबास!"

माझा हात उडाला. विमान वर गेलं, पडद्याच्या वरच्या कडेला, म्हणजे खेळातल्या छताला, धडकलं आणि फुटलं. पडदा काळा झाला आणि पुन्हा खेळणार का असं विचारत नऊ, आठ, सात असे आकडे मोजू लागला.

मी चवताळून वळलो. सव्वीस वर्षांत एकदा म्हणणार, आणि तेही एक गोळी बाकी असताना! तोंडावर आलेले शब्द बाहेर पडणार तेवढ्यात मागून फिजिओबाई ओरडल्या, "हात! अहो, त्यांचा हात बघा!"

सासऱ्यांचा उजवा हात अजून वरच होता. खांद्याच्याही वर, पुढची थाप मारायच्या तयारीत. ते त्याच्याकडे असं बघत होते की जणू तो दुसऱ्याच कुणाचा आहे. मग त्यांनी मूठ मिटली, उघडली, पुन्हा मिटली. बायको रडायला लागली. गुडघेवाल्या आजी टाळ्या वाजवू लागल्या. विमावाले म्हणाले, "म्हणून मी सांगत होतो." काय सांगत होते कोण जाणे.

माझा राग होता तिथेच राहिला होता, पण आता त्याचं काय करायचं ते कळेना. डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते थापेचं होतं असं मी सगळ्यांना सांगितलं. ते अगदीच खोटं नव्हतं. चौतीस वर्षांचा सराव असलेली थाप होती ती.

सासऱ्यांनी हात खाली घेतला, घसा साफ केला आणि पुन्हा हेडमास्तर झाले. "पण लक्ष कुठे होतं तुझं? छताला चिकटायचं नाही हे पहिल्याच पानावर लिहिलंय."

दुसऱ्या दिवशी माझी पाठ खरोखरच धरली. सकाळी उठता येईना म्हणून ऑफिसला कळवलं आणि भिंतीचा आधार घेत, आडवा सरकत, बाथरूमला निघालो. पेटीवर रजिस्टर उघडं होतं. शेवटी एक नवी नोंद होती. अनुक्रमांक बारा. नावापुढे 'जावई'. तक्रार : पाठ. शेरा : प्रगती ठीक, लक्ष कमी.

मी चिडून रजिस्टर मिटणारच होतो. मग लक्षात आलं की हे अक्षर माझं नाही. वाकडंतिकडं होतं, 'प्रगती'ची वेलांटी ओळीबाहेर गेली होती. मी ते दोनदा वाचलं आणि माझ्या नंबराची वाट बघत रांगेत उभा राहिलो.